बिएलच्या डाव्या काखेखालची जागा

बार्सेलोनाकडच्या मोंत्रेलमध्ये माणसाचा मान त्याच्या घरावरून किंवा द्राक्षमळ्यावरून ठरत नाही. मनोऱ्यात तो कुठे उभा राहतो त्यावरून ठरतो. रेमेई पालाउची जागा बिएलच्या डाव्या काखेखाली होती. बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसला तर रेमेई त्याला खुशाल हसू देई. त्या काखेखालून ती बोटभर सरकली तरी वरच्या सगळ्या थरांना ते कळतं, हे तिला माहीत होतं, आणि तेवढं तिला पुरे होतं.

मनोरा अर्थात माणसांचा. जत्रेच्या दिवशी नगरपालिकेसमोरच्या चौकात एकमेकांच्या खांद्यांवर चढून थर लावायचे आणि सगळ्यात वरच्या चिमुरडीने हात उंचावायचा, ही आमची रीत. पाहुणे त्या चिमुरडीकडे बघत राहतात. जाणकार खाली बघतात. खाली चार खांब असतात, म्हणजे चार दणकट गडी, आणि त्यांच्याभोवती पाठीला छाती चिकटवून उभ्या राहिलेल्या माणसांचा मोठा बुंधा. भार आला की खांबांचे खांदे खचू लागतात. ते खचू नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या दोन्ही काखांखाली एकेक बुटकं, घट्ट बांध्याचं माणूस शिरून उभं राहतं. त्या जागेला आमच्याकडे कुबडी म्हणतात. बिएल टायरच्या दुकानात कामाला होता, वय अठ्ठावीस, दारात उभा राहिला की आतला उजेड जायचा. आणि त्याची डावी कुबडी होती बहात्तर वर्षांची रेमेई. यात गावातल्या कुणालाच नवल वाटत नसे.

गावातल्या बाकीच्या गोष्टी मात्र पार बदलल्या होत्या. सूतगिरणी तर कधीच बंद पडली होती. बँकेची शाखा गेली आणि तिथे नखं रंगवून द्यायचं दुकान आलं. पैसे काढायचे तर फोनमध्ये बोटं घाला, आणि बोटं अडखळली की पलीकडची पोरगी लहान मुलाशी बोलावं तसं हळूहळू, मोठ्याने बोलणार. नगरपालिकेने चौकाच्या कोपऱ्यात ज्येष्ठांसाठी म्हणून हिरवी व्यायामाची यंत्रं बसवली होती, त्यांवर शाळा सुटल्यावर पोरं लोंबकळत. रेमेईची आई ऐंशीव्या वर्षी बदामाची झाडं काठीने झोडपत होती आणि तिला कुणी ज्येष्ठ म्हटलं नव्हतं. ती नुसती तेरेसा होती. हल्ली पासष्टी उलटली की माणूस दिसायच्या आधी त्याचं वय दिसतं, असं रेमेईला वाटे, आणि तिचं डोकं तापे.

पथकात मात्र तसं नव्हतं. पथकात सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणत, मग तो शाळकरी असो की पेन्शनर. एकमेकांच्या घामात तोंड खुपसून उभं राहायचं तिथे ‘अहो-जाहो’ कशाला, असा साधा हिशोब होता. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सरावाला गेलं की रेमेई बहात्तरची नसे आणि बिएल अठ्ठावीसचा नसे. ती कुबडी असे आणि तो खांब असे.

मग जूनमध्ये सरावात इसिद्रे चक्कर येऊन पडला. इसिद्रेचं वय अडुसष्ट. त्या दिवशी भयंकर उकाडा होता, हॉलचे पंखे बंद पडले होते, आणि इसिद्रे दुपारी काही न खाता दोन ग्लास वर्मूत, म्हणजे कडसर वाइन, पिऊन आला होता. बुंध्यातून त्याला डोक्यांवरून सरकवत बाहेर काढावं लागलं. पाच मिनिटांत तो उठून बसला आणि त्याने सिगरेट मागितली. पण पथकाचा म्होरक्या गिफ्रे पांढराफटक पडला होता तो पडलाच. गिफ्रे एकतीस वर्षांचा, मनाने चांगला, आणि माणूस जितका चांगला तितका घाबरट. रात्री त्याला झोप लागेना म्हणे. या वर्षी त्याला जत्रेत चार-आठ लावायचा होता, म्हणजे चौघांच्या रुंदीचा आठ थरांचा मनोरा. मोंत्रेलला तो वीसेक वर्षांत साधला नव्हता.

जुलैमधल्या एका शुक्रवारी सराव संपल्यावर गिफ्रेने पासष्टीवरच्या सगळ्यांना थांबवून घेतलं. टेबलावर फेसाळ वाइन होती, बदामाचा गोड पाव होता, बायकांसाठी फुलं होती. गिफ्रे उभा राहून बोलू लागला. पथक आज जे काही आहे ते तुमच्यामुळे आहे, असं त्याने सांगितलं. या वर्षीचा चार-आठ आम्ही तुम्हाला अर्पण करणार. जत्रेच्या दिवशी तुम्ही नगरपालिकेच्या बाल्कनीत, महापौरांच्या शेजारी बसणार, गळ्यात मानाचा लाल रुमाल घालून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इसिद्रेने तर डोळे पुसले. काय दिलं ते सगळ्यांना दिसलं होतं, काय काढून घेतलं ते कळायला जरा वेळ लागला.

रेमेईने ग्लास खाली ठेवला. “म्हणजे आम्ही खाली नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही खूप केलंत, रेमेई,” गिफ्रे म्हणाला. “आता जरा आम्हाला करू द्या. आणि एक बघा ना, इतक्या वर्षांत तुम्ही आपला मनोरा एकदाही बघितलेला नाही. या वर्षी दिसेल तुम्हाला.”

बोलण्यात खोट नव्हती. बुंध्यातल्या माणसाला मनोरा कधीच दिसत नाही. त्याला दिसते समोरच्याच्या शर्टाची शिवण. पण रेमेईला ते पुढचं ऐकूच आलं नाही. ती ‘तुम्ही’पाशीच अडकली होती. हा पोरगा सहा वर्षांचा असताना तिच्या डोक्यावर पाय देऊन मनोऱ्याच्या टोकाला जायचा. एकदा तर भीतीने तिच्या मानेवर मुतला होता, आणि ते गुपित तिने आजवर पोटात ठेवलं होतं. तेव्हापासून तो तिला ‘तू’ म्हणत आला होता. आज तिला एकदम अहो-जाहो करून त्याने दाराबाहेर नेऊन उभं केलं होतं.

“तुझ्या आजोबांनीही मला हेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “फक्त त्यांनी फुलं दिली नव्हती.”

ते खरंच होतं. गिफ्रेचे आजोबा तेव्हा म्होरके होते आणि रेमेई गिरणीत कामाला होती, तिशीतली. तेव्हा मनोऱ्यात बायका नसत. बायकांची हाडं ठिसूळ, त्या चिरडतील, आणि मग आम्ही त्यांच्या पोरांना काय तोंड दाखवायचं, असं म्हातारा म्हणे. बायकांनी शर्ट शिवावेत आणि भात रांधावा. मग गिरणीला टाळं लागलं, पुरुष कामासाठी शहरांकडे आणि रसायनांच्या कारखान्यांकडे गेले, आणि बुंधा विरळ झाला. एका जत्रेला सहा थरसुद्धा लागेनात. तेव्हा रेमेई गिरणीतल्या चार मैत्रिणींना घेऊन कुणालाही न विचारता आत घुसली आणि एका काखेखाली जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्याने आधी आरडाओरडा केला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं, तोंड मिटलं, आणि नंतर एवढंच म्हणाला, “डोकं आत घे.” तिच्या उभ्या आयुष्यात कुणी तिला याहून गोड बोललं नव्हतं, आणि हे ती नवऱ्यासमोरही सांगत असे.

त्या शुक्रवारी ती फुलं न घेता घरी आली. तिचा नवरा तोन स्वयंपाकघरात बसून रेडिओवर फुटबॉल ऐकत होता. तोन अठ्ठ्याहत्तरचा. तो जन्मात मनोऱ्यात गेला नव्हता. शहाण्या माणसाने दुसऱ्याच्या बगलेत नाक खुपसू नये, हे त्याचं ठरलेलं मत. पण दर जत्रेला तो चौकातल्या बारच्या कापडी छताखाली वर्मूतचा ग्लास घेऊन उभा राही आणि डोळ्यात तेल घालून बघे. दुपारी जेवायच्या टेबलावर रेमेई विचारायची, “कसा दिसला?” मग तोन ऑलिव्ह आणि दात कोरायच्या काड्या घेऊन तिला मनोरा सांगायचा. कुठल्या थराला कंप सुटला, कोण कासवासारखा चढला, पोरीने हात कसा उंचावला. रेमेईने आपले सगळे मनोरे तोनच्या तोंडून बघितले होते.

झालेलं सगळं ऐकून तो म्हणाला, “बरं झालं. बस की वर. मला एका वर्षाची सुट्टी मिळेल.” मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला. त्या रात्री त्याने पुन्हा थट्टा केली नाही.

मुलगी नूरिया बार्सेलोनाला विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. म्हातारपण शरीरात असतं त्याहून जास्त बघणाऱ्यांच्या नजरेत असतं, समाज माणसाला म्हातारा करून बाजूला बसवतो, यावर ती परदेशात जाऊन भाषणं देते. तिच्या भाषणाचं वर्तमानपत्रातलं कात्रण रेमेईने फ्रिजवर लावून ठेवलं होतं, मुलीचा फोटो चांगला आला होता म्हणून. रविवारी नूरियाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, गिफ्रेचं काही चुकलेलं नाही, या वयात छातीवर तेवढा दाब बरा नाही, मी जत्रेला येते, तुझे बाल्कनीत छान फोटो काढते.

“ते फ्रिजवरचं तुझंच ना?” रेमेईने विचारलं. “की दुसऱ्या कुणाचं चिकटवलंय मी?”

“आई, ते समाजाबद्दल आहे,” नूरिया म्हणाली. “तू माझी आई आहेस.”

यावर रेमेईला राग यायला हवा होता, पण हसू आलं. पोरीने खरं सांगितलं होतं. तिला भीती वाटत होती, जशी गिफ्रेला वाटत होती. दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं, आणि त्या प्रेमानेच ते तिला उचलून फळीवर ठेवू बघत होते, फुटायला नको म्हणून. फळीवर ठेवलेल्या भांड्याचं पुढे काय होतं ते रेमेईने पुष्कळ घरांत बघितलं होतं. आधी ते कुणी वापरत नाही, मग त्याच्यावर धूळ बसते, मग ते एकदा कुणीतरी देऊन टाकतं.

रात्री अंथरुणात पडून तिने स्वतःची झडती घेतली. सकाळी उठताना गुडघा दुखतो, हे खरं. सुईत दोरा ओवायला तोन लागतो, हेही खरं. जिने चढताना मध्ये थांबावं लागतं. पण बिएलचा हात खांद्यावर आला, पाठीमागून माणसांचा दाब आला, की आत काहीतरी घट्ट बसतं आणि मग तिला काही म्हणजे काही होत नाही. यात ती स्वतःला फसवत होती का? तिने बराच वेळ विचार केला. नाही, असं तिचं उत्तर आलं, आणि मग ती झोपली.

मंगळवारचा सराव झाल्यावर बिएल दुसऱ्या दिवशी दुकानातूनच, ग्रीसचे हात घेऊन, तिच्या दारात आला. तो गिफ्रेशी भांडला होता. तिच्या जागी पोल नावाचा एक तरुण दिला होता, व्यायामशाळेत जाणारा, ताकदीचा आणि कष्टाळू. “पोल वाईट नाही गं,” बिएल म्हणाला. “पण तो उंच आहे. गुडघे वाकवून उभा राहतो. माझा हात त्याच्यावर टेकत नाही, नुसता अडकून राहतो.” रेमेईने त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि पोलला त्रास देऊ नकोस म्हणून बजावलं. तो गेल्यावर मात्र ती दार लावून थोडी रडली.

जत्रेच्या दिवशी सकाळी तिने पथकाचा गर्द निळा शर्ट घातला, पांढरी पँट घातली आणि कमरेला गुंडाळायचा काळा शेला बाहेर काढला. हा शेला चांगला लांबलचक असतो आणि तो एकट्याने बांधता येत नाही. दुसऱ्याने टोक ताणून धरायचं आणि आपण गिरक्या घेत त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं. इतकी वर्षं ते टोक तोनने धरलं होतं. आजही त्याने ते हातात घेतलं, पण धरताना विचारलंच, “खुर्चीत बसायला शेला कशाला?”

“पाठीला,” ती म्हणाली. “ताणून धर. सैल सोडू नकोस.”

त्याने पाय भिंतीला लावून ताणून धरला. ती फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली आणि त्याने टोक खोचून दिलं. नेहमीपेक्षा घट्ट बसलं होतं.

बाल्कनीत वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. महापौर बाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात लाल रुमाल बांधला, प्रत्येकाच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलल्या, आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या. खाली चौक गच्च भरला होता. रेमेईने तो वरून कधी पाहिलाच नव्हता. तिला सगळ्यांचे टाळू दिसले, कुणाला टक्कल पडू लागलंय तेही दिसलं. बारच्या कापडी छताखाली तोन होता. खालीच नूरिया फोन उंच धरून तिला हसायला सांगत होती. रेमेई हसली. इसिद्रे शेजारी म्हणाला, “इथून झकास दिसणार.” आणि मग तो स्वतःच खाली बुंध्यातली आपली जागा शोधू लागला.

तिला लगेच दिसलं की बुंधा विरळ आहे. पाहुणं पथक आलं होतं ते एका बसमधून, त्यांच्या गावात काही आजारपणाची साथ होती. एरवी ते आमच्या बुंध्यात हात देतात आणि आम्ही त्यांच्या, तीच पद्धत आहे. गिफ्रेने हिशोबात त्यांच्या दोन बस धरल्या होत्या. बाल्कनीतल्यांना त्याने धरलं नव्हतं, आणि ते सगळे बुंध्याच्या आतल्या कड्यांतले, म्हणजे खांबांजवळच्या वर्तुळांतले होते, एकेका जागेवर दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुरलेले. आता त्या जागी नवी माणसं होती, आणि ती चाचपडत होती.

पहिला थर लागला, दुसरा चढला. वाजंत्री अजून सुरू झाली नव्हती. आमच्याकडे बुंधा पक्का बसून तिसरा थर वर गेला की मगच सनईच्या जातीची वाद्यं सुरू होतात, कारण आतल्या माणसांना काही दिसत नसतं, मनोरा कुठवर गेला ते त्यांना सुरांवरूनच कळतं. तिसऱ्या थरातल्या पोरी वर चढू लागल्या आणि रेमेईने बिएलच्या खांद्याकडे पाहिलं. डावा खांदा खाली जात होता. पोल बिचारा जिवाच्या आकांताने रेटत होता, पण तो रेटत होता वरच्या दिशेने नाही, बाजूला. रेमेईचा स्वतःचा उजवा खांदा बाल्कनीत बसल्या जागी वर उचलला गेला. गिफ्रेने हात हलवला आणि ओरडला, “खाली.” सगळे उतरले. कुणाला लागलं नाही. पण मनोरा दोनदा उतरवला तर तिसरी संधी नसते, आणि वर्षभराचे मंगळवार आणि शुक्रवार आता एका खेपेवर आले होते.

गिफ्रे बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्होरक्याला जे करायला सगळ्यात जड जातं ते त्याने केलं. तो एकाच्या खांद्यावर चढला, दोन्ही हात वर केले आणि चौकाला हाक दिली, “हात पाहिजेत.”

ही हाक आमच्याकडे फार जुनी आहे. ती दिली की चौकातल्या कुणीही यावं आणि बुंध्यात हात द्यावा. आलेल्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, शर्टाचा रंग बघायचा नाही. हाकेला आलेला हात परत पाठवायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नाही, आणि ते कुणी मोडलेलंही नाही. त्या दिवशी चौकात हातांना तोटा नव्हता. पण निम्मे हात फोन धरून उंचावलेले होते आणि ते तसेच राहिले.

रेमेई उठली. तिने कानांतल्या रिंगा काढल्या, कारण बुंध्यात त्या अडकतात, आणि दुसरीकडे कुठे ठेवणार म्हणून महापौर बाईंच्या हातात दिल्या. गळ्यातला लाल रुमाल काढून खुर्चीवर ठेवला. शर्टाची कॉलर उभी केली. महापौर बाई म्हणाल्या, “अहो, जपून, कुठे निघालात?”

“हाक ऐकू आली ना,” रेमेई म्हणाली. “आम्ही बहिरे नाही.”

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. जिन्यात तिच्या मागून येणाऱ्यांचे गुडघे कुरकुरत होते, कुणी तरी धापा टाकत शिव्या देत होतं, तो इसिद्रे होता. ते सगळे नगरपालिकेच्या दारातून चौकात आले तेव्हा गर्दी आपोआप दुभंगली. रेमेईची मान ताठ होती. चौकाच्या मध्यापर्यंतचं ते अंतर ती ज्या तोऱ्यात चालली, तो तोरा तिच्या लग्नात नव्हता, हे तोन आजही शपथेवर सांगतो.

गिफ्रे तिच्या वाटेत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जूनमधली तीच भीती होती. “रेमेई, तुम्हाला काही झालं तर...” तो म्हणाला.

“झालं तर होईल,” ती म्हणाली. “तुलाही होईल, बिएललाही होईल, वरच्या पोरीला तर सगळ्यांत आधी होईल. तिला तू वर पाठवतोस ते तिला काही होणार नाही म्हणून नाही. खाली आम्ही आहोत म्हणून. तू हाक दिलीस, गिफ्रे. आम्ही आलोय. आता परत पाठवणार असशील तर पाठव, पण मोठ्याने सांग, सगळ्या चौकाला ऐकू दे.”

उत्तर बिएलने दिलं, तेही न बोलता. तो आपल्या जागेवर उभा होता. त्याने डावा हात वर उचलला आणि तसाच धरून ठेवला, घरच्या माणसासाठी कुणी दार उघडून उभं राहावं तसा. पोलने बाजूला होऊन तिला जागा दिली आणि तिच्या मागच्या कड्यात गेला, जिथे त्याची उंची कामाची होती. रेमेई आत शिरली. बिएलचा हात खाली आला आणि तिच्या खांद्यावर टेकला. ग्रीसचा, घामाचा, बिएलचा वास आला. इतक्या आठवड्यांनी तिला नीट श्वास घेता आला.

बुंधा भरू लागला. इसिद्रे त्याच्या कड्यात गेला, बाकीचे आपापल्या. ते आपापल्या जागी गेलेले पाहून फोनवाल्यांनाही लाज वाटली असावी, किंवा हिंमत आली असावी, कारण पाठीमागून दाब वाढत गेला, वाढत गेला. आणि वरून, तिच्या डोक्याशी वाकून, गिफ्रेचा आवाज आला.

“रेमेई,” तो म्हणाला, “डोकं आत घे.”

तिने डोकं आत घेतलं.

मग अंधार, कापड आणि श्वास. दुसऱ्या थराचा पाय तिच्या कानाजवळून गेला. भार आला. बिएलचा खांदा खाली यायला लागला आणि तिच्या खांद्यावर येऊन थांबला, तिथून पुढे तो सरकला नाही. वाद्यं सुरू झाली. तिसरा. बिएल दातांवर दात दाबून काहीतरी पुटपुटत होता, ती त्याला “मी आहे, मी आहे” एवढंच म्हणत होती. सूर चढत गेले. गुडघा दुखत होता की नाही ते तिला आठवत नाही. एका क्षणी सूर पालटले, वरच्या पोरीने हात उंचावल्याशिवाय ते पालटत नाहीत, आणि चौकातून असा आवाज उठला की तो तिला पायांच्या तळव्यांतून ऐकू आला. पण ती हसली नाही. लावलेला मनोरा उतरवून होईपर्यंत आमच्याकडे कुणी हसत नाही. एकेक थर उतरला, भार कमी होत गेला, आणि शेवटी बिएलने तिच्या खांद्यावरचा हात काढला तो तिला उचलून घ्यायलाच. तो मोठ्याने रडत होता, लहान मुलासारखा, आणि ती त्याला खाली ठेव म्हणून ओरडत होती.

दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर सगळे दमून बसले होते. नूरिया होती, बिएल होता, गिफ्रेही आला होता. त्याने येताना फुलं आणली नाहीत, हे रेमेईच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. महापौर बाई रिंगा परत द्यायला दारात डोकावून गेल्या. वर एकट्याच उभ्या होत्या म्हणाल्या, शेजारी सगळ्या रिकाम्या खुर्च्या, कुणाशी बोलायची सोय नाही.

रेमेईने पाव कापला, त्यावर टोमॅटो चोळला, तेल घातलं, आणि दरवर्षीसारखं तोनला विचारलं, “कसा दिसला?”

तोनने ऑलिव्हची बशी जवळ ओढली. मग तो थांबला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि कपाळावर कुणाच्या तरी कोपराचा लाल वळ होता. हे रेमेईला आत्ता दिसलं.

“मला काय विचारतेस,” तो म्हणाला. “माझ्या तोंडासमोर खाटकाची पाठ होती.”

रेमेईने नूरियाकडे पाहिलं. तिचेही केस विस्कटलेले होते. “माझ्याकडे बघू नकोस,” नूरिया म्हणाली. “मी बाबांच्या मागे होते. फोन खिशात होता.”

“मी बघितला,” गिफ्रे म्हणाला. “सांगू का? पण रेमेई, तू वर बसली असतीस तर सांगावा लागला नसता.”

“तू जेव,” रेमेई म्हणाली.

तोन एक ऑलिव्ह बोटांत धरून बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या बगलेत नाक खुपसून आला होता, आणि त्याला ते कसं सांगावं ते सुचत नव्हतं. “इतकी वर्षं मी तुला वरचं सांगत आलो,” तो अखेर म्हणाला. “मला वाटायचं, मनोरा वर असतो.”

रेमेईने त्याच्या हातातलं ऑलिव्ह घेतलं आणि बशीच्या मधोमध, सगळ्या ऑलिव्हच्या तळाशी ठेवलं. मग खुर्ची जवळ ओढून ती नीट बसली.

“सांग,” ती म्हणाली. “खाटकाच्या पाठीपासून सांग.”